काल म्हणजे कधी

इंदिराबाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, गिऱ्हाइकाच्या हातात पोलादाची कांब दिली आणि मुंबईच्या हेमचंद्रला ठणकावून सांगितलं, की नोंदणी कालच झाली आहे, नंबर आत्ता पाठवते. हेमचंद्र हा बंदरावरून माल सोडवून देणारा एजंट. त्याचं म्हणणं एवढंच, की परवा लागणारं जहाज आज संध्याकाळीच लागतंय, आणि सरकारी नोंदणीच्या नंबराशिवाय परदेशी पोलादाचा कागद पुढे सरकत नाही.

घाबरायचा इंदिराबाईंचा स्वभाव नव्हता. जबलपूरच्या नेपियर टाऊनमधलं हे दुकान त्यांनी स्वतःच्या हिमतीवर नावारूपाला आणलं होतं. भेडाघाटचे संगमरवर कोरणारे कारागीर छिन्न्यांसाठी त्यांच्याकडचंच पोलाद नेत. अलीकडचा माल मात्र दगडावर बोथट व्हायला लागला, तेव्हा बाईंनी सरळ कोरियाहून दोन ग्रेडच्या कांबी मागवल्या. परदेशी माल पहिल्यांदाच येत होता आणि कारागीर त्याच्या भरवशावर थांबून होते. तो अडकला, तर ते दुसरं दार धरणार हे उघड होतं.

नोंदणीचं हे सगळं काम त्यांनी परीक्षा म्हणून मुद्दामच शैलेंद्रवर, आपल्या मुलावर सोपवलं होतं. फॅक्टरीतून रिटायर झालेले त्यांचे यजमान, रत्नाकरराव, रोज कानीकपाळी ओरडत, की दुकान आता पोराच्या हाती दे. बाईंचं उत्तर ठरलेलं. पोरगं कच्चं आहे, दोन वाक्यं धड बोलत नाही. आणि बाईंशी तो बोलतच नव्हता, हे खरंच. आईशी मराठीतच बोलायचं असा घरचा कायदा होता. बिचारा जबलपुरात वाढलेला, विचार हिंदीत करणारा. आईसमोर हो, नाही, बरं, करतो, एवढ्यावर भागवायचा.

"शैलेंद्र, नंबर दे नोंदणीचा."

"करूनच राहिलो, आई." त्याने लॅपटॉपवरून मानही वर केली नाही.

"आत्ता करून राहिला? काल विचारलं तर तू 'काल' म्हणालास ना?"

"हो. काल." तो गोंधळला. "म्हणजे... आज."

इंदिराबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हिंदीतला 'कल' भलता सोयीचा, मागेही नेतो आणि पुढेही. मराठीतला काल मात्र एकदा गेला की गेला. पोराने आईचा कायदा पाळायला 'कल'चं इमानेइतबारे मराठी केलं होतं, आणि बाई निवांत झोपल्या होत्या.

उद्या म्हणायला तुझं तोंड दुखतं का, म्हणून त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण शब्द सापडेना, तेव्हा पुन्हा स्क्रीनकडे वळला. ते पाहून बाईंना आणखीच राग आला.

फोन चालूच होता. पलीकडे हेमचंद्रने सगळं ऐकलं होतं. त्याने समजुतीच्या सुरात तोड काढली. कांबींना नोंदणी लागते, छिन्न्यांना नाही. कागदावर छिन्न्या दाखवू, कोण बघतंय! पोलादाच्या बाबतीत बाई आजवर कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. पण माल अडकला तर? बघा बुवा काय ते, असं अगदी ओठावर आलं, तेवढ्यात शैलेंद्रने उठून फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हेमचंद्रजी, माल छेनी नहीं है, छड़ है, तो छड़ ही लिखा जाएगा। कोरिया की मिल का सर्टिफिकेट रात को आया। उसके बिना भरता तो ग्रेड ग़लत चला जाता। दोनों ग्रेड अलग-अलग भर रहा हूँ, जहाज़ लगने से पहले नंबर आपके पास होगा। और छेनी वाली बात आज के बाद मत कीजिएगा।"

आवाज चढला नव्हता, पण समोरच्याला मध्ये बोलायला जागा नव्हती. इंदिराबाई बघतच राहिल्या. नाक तेच, कपाळावरची बट तीच, आणि बोलत होता तो मात्र दुकान चालवणारा माणूस. हा आपल्या घरात कधीपासून राहतो आहे? त्यांना अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

त्या खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.

"माल कशासाठी, असं फॉर्ममध्ये विचारून राहिलेत," तो हळूच म्हणाला.

"दगडाच्या छिन्न्या बनवायला, असं लिही."

दुपारी दोन्ही नंबर आले आणि लगेच मुंबईला गेले. जहाज तेव्हा अजून समुद्रातच होतं.

संध्याकाळी हेमचंद्रचा पुन्हा फोन. कागद बिनबोभाट पुढे सरकले होते. आता जबलपूरपर्यंत माल ट्रकने पाठवायचा की रेल्वेने, एवढं ताईंनी सांगावं.

"मला काहून विचारता? मालकाला विचारा," इंदिराबाई म्हणाल्या. फोन शैलेंद्रच्या हातात देता देता त्यांनी तो पुन्हा तोंडाजवळ आणला.

"आणि हिंदीत विचारा."