कॅथलीनची अंगठी

अंगठी तांब्याची होती की रंग उडालेल्या सोन्याची, ते जयमालाबाईंना ठरवता येईना. कागदाच्या घडीतून ती त्यांच्या तळहातावर पडली तेव्हा वजनसुद्धा लागलं नाही, आतल्या बाजूनं झिजून झिजून तारेसारखी बारीक झालेली... आणि ही आता पावात घालायची. खायच्या पावात! जन्म गेला तांदळातले खडे निवडण्यात, आणि ही माणसं आपल्या हातानं घासात धातू घालतात — का बरं? पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल हे?

"कुणाचा दात पडला तर गं?"

"हळू खायचं, आई," नोरीन म्हणाली.

तिचं मराठी असंच, लहान लहान वाक्यांचं. नवऱ्यानं, प्रथमेशनं शिकवलेलं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी आयर्लंडची ही सून दिवाळीला श्रीवर्धनला येत होती ती यंदाच, कारण फेब्रुवारीत तिची आई, कॅथलीन, गेली आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्या रिकाम्या घरात तिला राहवेना. त्या दिवशी त्यांच्याकडे म्हणे मनुकांचा पाव भाजतात, त्यात अंगठी घालतात, आणि ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. यंदा नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी आली. म्हणजे पहाटे सगळ्यांनी, नोरीननंही, अंगठ्याखाली कारीट चिरडलं, फराळ झाला, आणि चकल्यांच्या डब्याशेजारी रात्रभर कोऱ्या चहात भिजलेल्या मनुका टम्म फुगून बसल्या होत्या. जयमालाबाईंनी येता-जाता दोन तोंडात टाकल्या होत्या. चांगल्या लागत होत्या, उगाच खोटं कशाला बोला.

घरात ओव्हन नाही. प्रथमेश म्हसळ्याहून आणतो म्हणत होता, पण नोरीननं सांगितलं की तिची आजी जाड भांड्यात पीठ ओतून, खाली निखारे नि झाकणावर निखारे ठेवून भाजायची. जयमालाबाई ताडकन उठल्याच. अगं, हे तर आमचं धोंडस! जून काकडीचं, तवसाचं गोड धोंडस आम्ही दुसरं कसं भाजतो? समुद्रापलीकडच्या त्या म्हातारीला हे कुणी शिकवलं, की ज्याच्या त्याच्या चुलीलाच ते कळतं... माळ्यावरून धोंडसाचं दोन कानांचं पितळी पातेलं निघालं, परसात नारळाची सोडणं पेटली.

"अंगठी घरातली मोठी बाई घालते," नोरीन म्हणाली. "बाकी कुणी बघत नाही." आणि ती खरोखरच पाठ फिरवून परसात गेली.

मोठी बाई. म्हणजे तिकडे कॅथलीन घालायची. आणि मग जयमालाबाईंना एकदम आठवलं — प्रथमेश पहिल्यांदा नोरीनच्या घरी जेवायला गेला त्या वर्षी अंगठी नोरीनच्याच तुकड्यात निघाली होती. फोनवर किती नवलानं सांगत होता! आपणही म्हटलं होतं, नवलच हो. कसलं नवल नि कसलं काय. त्या बाईला ठाऊक होतं की अंगठी कुठल्या बाजूला आहे! व्हिडिओवर दोनदा दिसलेली ती लालबुंद गालांची बाई, मांजर उचलून दाखवणारी. दोघीही हात हलवत बसलो, बोलायला काही सुचेना. आणि आता वाटतंय, बोलण्यासारखं केवढं होतं गं कॅथलीन, तू आधीच का नाही गेलीस बोलून...

तर मग आपली लेक पूनम.

पूनम अडतिसाची. तहसील कचेरीत नोकरी, संध्याकाळी समुद्रावर फेरी, रविवारी कपाट आवरणं. दुसरं स्थळ मोडलं तेव्हा म्हणाली होती, "आई, आता पुरे," आणि जयमालाबाईंनी तोंडानं पुरे केलं, मनानं मात्र कधीच नाही. आपण बासष्ट. उद्या डोळे मिटले तर या पोरीला कोण? एवढी एक गोष्ट व्हावी. मग बाकी काही मागणं नाही. पावानं लग्नं जमत नाहीत हे त्यांना कळत होतं, पण कॅथलीननं जमवलं होतंच ना?

पातेल्याचा एक कान वाकडा होता. जयमालाबाईंनी त्या कानाच्या बाजूला कडेशी अंगठी पिठात खोचली, बोटानं वर सारखं केलं. टेबलाशी खिडकीकडे पूनमची जागा, बरोबर समोर दाराकडे आपली. नोरीन ज्याच्या त्याच्या समोरचा तुकडा त्याला देणार. वाकडा कान खिडकीकडे ठेवला की झालं. बोट पिठातून काढताना मात्र ते थोडं थबकलं. हा ओला थंडपणा बोटाला ओळखीचा होता.

...हळदीचं पाणी. तळा गावी माहेरच्या मांडवात परात, तिच्यात हळदीचं गढूळ पाणी नि त्यात टाकलेली अंगठी. नवरा-नवरीनं शोधायची, ज्याला सापडेल त्याचं घरात राज्य. भोवती सगळे ओरडत होते. आणि मला सापडली होती. नवरदेवाचे, बाळाजींचे हात अजून दुसऱ्याच कडेला चाचपत होते नि माझ्या दोन बोटांत ती घट्ट आलेली, तेवढ्यात कमळामावशी कानाशी लागली, "सोड गं! पहिल्याच दिवशी नवऱ्याला हरवतात होय?" सोडली. त्यांना सापडली, टाळ्या पडल्या. माणूस वाईट नव्हता, कधी वर आवाज केला नाही. पण बदलीचं सोड गं, एम.ए.चं सोड गं, मुलींबरोबर सहलीला जायचं सोड गं — मावशीनं एकदाच म्हटलं, पुढची चौतीस वर्षं माझं मीच म्हणत राहिले. ते जाऊनही सात वर्षं झाली, पण अंगठी सापडली होती हे त्यांना कधी सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? भीती होती, की त्यांना ठाऊकच असेल नि तेही गप्प असतील, असं काही...

चार वाजता पाव भाजून झाला. मनुकांचा करपट गोड वास माडांपर्यंत गेला. प्रथमेशनं पातेलं आणलं, जयमालाबाईंनी वाकडा कान बरोबर खिडकीकडे करून घेतला आणि निर्धास्तपणे चहा गाळायला वळल्या. मागे पूनमनं धोंडस काढतात तसं वर ताट ठेवून पातेलं एका झटक्यात, कुशीवरून, उपडं केलं. पाव अखंड निघाला. नोरीननं टाळी वाजवली नि मग एकाएकी डोळे पुसले.

तुकडे वाटले गेले. जयमालाबाई स्वतःचा खाता खाता पूनमकडेच बघत होत्या. पूनमनं एक घास घेतला. दुसरा. आता लागेल... आणि त्यांच्याच दाढेखाली कर्रकन काहीतरी आलं.

खडा, असंच आधी वाटलं. मग जिभेला भोक लागलं, गोल.

उपडं केल्यावर डावीकडचं उजवीकडे, खिडकीकडचं दाराकडे जातं! तीस वर्षं सातवीच्या पोरांच्या डोक्यात आरशातली प्रतिमा कोंबली, आणि धोंडस तर लहानपणापासून उपडंच करत आलो... धन्य आहे बाई तुझी.

"कुणाला?" नोरीन एकेकाकडे बघत होती.

"मला नाही!" पूनम शेवटचा घास दाखवत म्हणाली. "सुटले गं बाई!" आणि हसली. जयमालाबाईंनी ते हसू नीट पाहिलं. त्यात लपवलेलं काही असेल म्हणून पुन्हा पाहिलं. काही नव्हतं. पोरगी खरोखरच सुटली होती, मनापासून, चहाचा कप पुढे ओढत. ही सुखात आहे? असं सुख असतं? आणि इतक्या वर्षांत आपण हे एकदाही विचारलं कसं नाही?

प्रथमेश ताटातला चुरा चिवडत होता. नोरीनचा चेहरा उतरत चालला. तिच्या आईची अंगठी. बोलायला हवं होतं. पण आपल्या वयाला, आपल्या मोकळ्या कपाळाला, या अंगठीचं काय म्हणायचं? लोक हसतील. पदराआड तोंडातून काढून ताटातल्या चुऱ्यात सोडून दिली की संपलं, कुणाला कळणारही नाही. त्यांनी पदर तोंडाशी नेला. अंगठी बोटांत आली, ओली, कोमट.

सोड गं...

मूठ मिटली ती मिटलीच. "मला मिळाली," जयमालाबाई म्हणाल्या. आवाज वर्गातला आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. प्रथमेश खो खो हसत सुटला, पूनम "आई!" म्हणून ओरडली, आणि नोरीननं येऊन त्यांच्या मुठीवर हात ठेवला.

लग्नबिग्न नव्हे, छे. पण वर्षाच्या आत काय? काहीतरी माझ्या वाट्याला आलं आहे, माझ्या नावानं, आणि ते काय ते मला ठाऊक नाही. बाहेर सोडणांचे निखारे अजून फुलत होते. नोरीन अंगठी मागत नव्हती, आणि मीही मूठ उघडत नव्हते. उघडेन. जरा वेळानं. आधी मला कळू दे, मला काय हवं आहे ते.