दोन सीटांची गाडी

आमच्या अमोलनं गाडी केली. विकत घेतली न्हाई, केली. लोक दिवाळीला लाडू करतात तशी घरामागच्या परड्यात बसून केली.

अमोल माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन रामनगरात आले तवा नाक पुसत शाळेला जायचा, त्याचा डबा मीच भरायची. आता हमरस्त्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक हाय. त्याची बायको मनीषा खानापूरकडची, घरात मशीनवर शिवणकाम करते. आमचे हे ट्रकवर. बेळगावचा माल गोव्याला, गोव्याचा बेळगावला. घरी आले की जेवायचं आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचं. वर सासूबाई, त्यांना आम्ही सगळी अव्वा म्हणतो. झालं आमचं घर.

आता गाडीचं सांगते. अनमोडच्या घाटात आपटलेल्या एका जुन्या गाडीचं इंजिन, भंगारातले पाईप, कुणाची चाकं, कुणाचं स्टेअरिंग, आणि मोडीत निघालेल्या बसच्या दोन सीटा. दारं न्हाईत, छप्पर न्हाई. कडेवरून पाय टाकून आत बसायचं, बारकं पोर टबात बसतंय तसं. इंजिन पाठीमागं आणि ते गार राहायला पाण्याची जाळी पुढं, गाडीच्या नाकाडावर. मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशातली माणसं असल्या गाड्या करतात ती बघून ह्यानं ध्यास घेतलेला.

"वैनी, गाडी हलकी पाहिजे. हलकी असली की पळती," तो मला सांगायचा.

"हलकं तर तुझं डोकं झालंय," मी म्हणायची.

पण माणसं बघायला यायला लागली. शेजारची काशी तर रोज यायची, तोंडाला पदर लावून म्हणायची, "नशीब काढलंस गे मनीषा!" मनीषानं काय नशीब काढलं? बादली पालथी घालून बसायची आणि पाना हातात द्यायची. ते मी पण दिलं असतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू?

तुम्ही म्हणाल, बाई गाडीवर जळत होती. छे! गाडीवर काय जळायचंय? लोखंड ते. मी जळत होते ते दुसऱ्याच गोष्टीवर.

अमोल गाडीखाली आडवा, नुसते पाय बाहेर. आणि आतनं हाक यायची, "मने, बघ की गे, ही नळी सरळ बसली काय?"

मनी मान वाकडी करून बघायची. "थोडी डावीकडं उतरलीया."

आणि तो गडी बसवलेली नळी खोलून परत बसवायचा! तिला इंजिनातलं ओ की ठो कळत न्हाई. पण रंग कुठला, बघ की गे. आवाज कसा येतोय, बघ की गे. एकदा तिनं नाक मुरडलं, "हितं कसं वाकडं दिसतंय," तर ह्यानं अख्खं वेल्डिंग तोडून काढलं. आणि मग दोघं हसत बसली. मी आत भाकरी थापत होते. अशी थापली की परात वाजली.

आमच्या ह्यांनी मला कधी "बघ की" म्हटलंय? घराला पोपटी रंग दिला. पोपटी! मी बाजारातनं आले तवा भिंत बघून मला कळलं. थोरल्या मुलीला, आमच्या अश्विनीला हल्याळात दिली, तर मुलगा बघून, बोलणी करून घरी आले आणि म्हणाले, "ठरलं." मी म्हटलं, "बरं." आता माझी काय मान वाकडी करून बघायची ताकद नव्हती? पण विचारणार कोण?

दसरा आला. खंडेनवमीला आमच्यात सगळ्या गाड्या धुवून पूजा करायची, आणि नवी गाडी असली तर ती आधी देवीच्या दारात न्यायची. पहिल्यांदा बसायचा मान घरातल्या थोरलीचा. मांडीवर ओटी घेऊन तिनं बसायचं. आमचा ट्रक आला तवा अव्वा बसल्या. अव्वांचे गुडघे आता गेले, म्हणजे मान माझा. ट्रकात मागं अख्खी भावकी बसली असती, त्यात भांडण न्हाई. पण ह्या गाडीत सीटा दोन! एक अमोलची, आणि एक उरली.

ही गाडी रस्त्यावर काढायला परवानगी न्हाई, म्हणून शेतातल्या कच्च्या वाटेनं देवळापर्यंत न्यायचं ठरलेलं. मनीषा सकाळीच नवी साडी नेसून, गजरा माळून तयार. सगळ्यांनी धरूनच चाललेलं की तीच बसणार. मी ओटीचं ताट घेऊन परड्यात आले आणि सरळ विचारलं, "अव्वा, आमच्यात रीत काय हाय?"

अव्वा माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मान थोरलीचा."

अमोल तोंड उघडून उभा. आमचे हे ट्रकच्या काचेला हळद लावत होते, त्यांनी वळून पण बघितलं न्हाई. मनीषाचं तोंड एवढंसं झालं. पण काय म्हणाली? "व्हय की. अक्का, तुम्हीच बसा."

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडायचं पण सुख दिलं न्हाई बाईनं.

मग म्हटलं, थोरली तर थोरली, सगळंच करते. झेंडूचा हार मी ओवला होता, चांगला मनगटाएवढा जाड, मधेमधे आंब्याची पानं. तो गाडीच्या नाकाडावर असा ताणून बांधला, ह्या कानापासनं त्या कानापर्यंत, की पुढचं काही दिसूच नये. दोन महिने लोक जे तोंड बघून वाहवा करत होते, ते झाकूनच टाकलं. मनीषा जवळ आली. "अक्का, हार जरा..."

"काय हाराचं?" मी असं बघितलं की ती मागं सरली.

"काई न्हाई. छान दिसतोय," म्हणाली.

शेवटी दृष्ट काढायची. ती पण थोरलीनंच. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या आणि गाडीवरनं उतरवायला लागले. "आल्यागेल्याची, दारच्याची, घरच्याची..." आणि घरच्याची म्हणताना माझी जीभच अडखळली. तुम्हाला ठाऊक हाय, मिरच्या विस्तवात टाकल्यावर ठसका लागला न्हाई तर समजायचं, जबर नजर लागलीया. मी मनात म्हटलं, शकुंतले, आता तुझा बाजार उठतोय. ठसका लागत न्हाई, आणि काशी सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघणार.

टाकल्या मिरच्या. अगे बाई! असा ठसका उठला की अव्वा खोकून खोकून वाकल्या, काशी पळाली, आमचे हे शिंकत गोठ्याकडं गेले.

"कुणाची न्हाई लागली नजर," अव्वा डोळे पुसत म्हणाल्या. "माणसं चांगली हायत."

मी सुटले. पण खरं सांगू? राग आला. दोन महिने मी इतकं जळले, रात्रंदिवस जळले, आणि त्याची साधी दखल पण न्हाई? माझ्या जळण्याला पण कुणी विचारंना!

बसले गाडीत. सीटेवरचं रेक्झिन मनीषानं शिवलेलं, आणि सीट अमोलनं तिच्या अंगाच्या बेतानं आवळलेली. माझी कंबर त्यात बसंना. कशीबशी रुतून बसले, मांडीवर ओटी. गाडी सुरू झाली, आणि आवाज काय हो! पाठीत घुमत होता. बाया ओरडल्या, पोरं धावली. मनीषा आणि बाकीची माणसं मागनं चालत निघाली. बांधावरनं गाडी अशी सुळकन गेली की माझा पदर उडाला आणि तोंडात वारा शिरला. मला हसू आलं. मी दाबलं.

देवीच्या टेकाडाची चढण लागली. वाट खाचखळग्याची, अमोल पुढं वाकून चाकाखालचा एकेक दगड चुकवत होता. गाडी हळू झाली. गरमपणा दाखवायचा काटा भंगारातनंच मेलेला आलेला, तो कधी हललाच न्हाई. माणसं पार मागं राहिली. आम्ही दोघंच. रस्त्यावरची नजर न काढता त्यानं हाक मारली.

"मने, बघ की गे, वास कसला येतोय?"

मने! शेजारी तर मी बसलेली.

वास मला कधीचाच आला होता. झेंडू शिजल्याचा वास. दुसऱ्या कुणाला कळला नसता, पण पहाटे उठून ती फुलं मी ओवलेली, बोटांना अजून तोच वास होता. एका क्षणात मला सगळं उमगलं. हार जाळीवर बसलाय, वारा आत जात न्हाई, इंजिन तापतंय. मनीषा तेच सांगायला आली होती.

आणि तुम्हाला एक सांगते, मी गप्प राहिले असते तर कुणाला काय कळणार होतं? आणखी थोडी चढण, की इंजिन बसलंच असतं. ती नळी, ते वेल्डिंग, ते बादलीवर बसून हसणं, सगळं भंगार. माझ्यावर बोट कोण ठेवणार? मिरच्यांनीच मला निर्दोष सोडलेलं. जीभ टाळूला लावून बसायचं, एवढंच काम होतं.

पण त्यानं विचारलं होतं. वळून न बघता, सहज, जसं रोज विचारतो तसं. आणि उत्तर येणारच म्हणून कान देऊन बसला होता.

"झेंडूचा," मी म्हटलं. "थांबव गाडी. माझा हार जाळीवर बसलाय."

त्यानं करकचून ब्रेक मारला, उडी टाकून पुढं गेला, हार ओढून काढला. पाकळ्या जाळीत चिकटून काळ्या पडलेल्या. आतनं वाफ फुसफुसत होती. इंजिन बंद करून तो तिथंच मातीत बसला, कपाळाला हात लावून.

"वाचलं, वैनी. आणखी जरा गेलो असतो तर संपलं होतं सगळं."

आता वैनी म्हणाला. मघाशी काय म्हणाला ते त्याच्या गावी पण नव्हतं. मी ओटीतलं पान काढून त्याला वारा घालत बसले, लहानपणी ताप आला की घालायची तसा.

गाडी गार होईस्तोवर खालनं माणसं आली. सगळ्यांच्या पुढं मनीषा, चपला हातात, नवी साडी खोचलेली, धापा टाकत. तिनं आधी हाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी सीटेतनं कशीबशी सुटून उतरले आणि ओटीचं ताट तिच्या हातात दिलं.

"चढ. देवीपर्यंत तू जा. मला हे आवळतंय."

"वैनीनं ओळखलं गे, म्हणून गाडी वाचली," अमोल म्हणाला. "मला तर काई कळलंच नव्हतं."

मनीषा आत पाय टाकता टाकता थांबली. "अक्का, तुम्हाला कसं काय कळलं?"

"त्यानं विचारलं," मी म्हटलं, "म्हणून मी सांगितलं."

कुणाला विचारलं, ते न्हाई सांगितलं.