मणक्याचं दुखणं

वाचकहो, सर्दीपडशाची चर्चा आपल्या घरात जेवताना चालते. पण शौचाला रक्त पडलं, की माणूस दाराबरोबर तोंडालाही कडी लावतो. या घरातही तेच झालं.

वडील शिंपी. थोरली लेक प्रयोगशाळेत कॅन्सरच्या गाठींचे पातळ काप काचपट्टीवर चढवायची. एकदा वडील हळूच म्हणाले, "मूळव्याधीचं मलम आण गं." तिनं आणलं. वर्षभरात अकरा ट्यूबा आणल्या, पण एकदाही विचारलं नाही! रोज मलाशयाच्या गाठी हाताळणारी ही मुलगी बापाला एक साधा प्रश्न विचारायला लाजली. शेवटी ते शिलाई मशीनवरच चक्कर येऊन पडले, तेव्हा कॅन्सर उघडकीला आला.

किरणं झाली, औषधं झाली. मग एक दिवस प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. उपचारांआधीची आणि नंतरची, अशा वडिलांच्या दोन्ही काचपट्ट्या तिथे होत्या.

"हे गडद ठिपके बघ. शरीराच्या लढणाऱ्या पेशी. आधी त्या गाठीच्या काठाशी होत्या. उपचारांनंतर काहीजणांत त्या आत घुसतात."

"आणि बाबांच्या?"

"अजून काठावरच आहेत. त्याही कमी झाल्यात."

"पण का?"

"ते आम्हालाही नीट कळलेलं नाही गं. गाठ लहान असताना आले असते, तर आपल्या हातात बरंच काही होतं."

तिला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडणार? त्या पेशींना काही ती हातानं आत ढकलू शकत नव्हती.

संध्याकाळी धाकटे काका भेटायला आले. आईनं ठरलेलं उत्तर दिलं, "मणक्याचं दुखणं आहे हो, भावजी." थोरलीनं मान खाली घातली.

"मणका कसला डोंबलाचा!" वडील अंथरुणावरून म्हणाले. "धाकट्या, मला मलाशयाचा कॅन्सर आहे. वर्षभर रक्त पडत होतं आणि मी लाजेपायी गप्प बसलो. आता फार उशीर झालाय."

आईनं घाईघाईनं दार लोटून घेतलं. काका अंथरुणाजवळ सरकले.

"दादा... मलाही पडतंय. चार महिने झाले."

"उठा काका!" थोरली ओरडली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

"अगं, उद्या..."

"उद्या नाही!"

वडील गेले. त्यांच्यासाठी ती काहीच करू शकली नाही. काकांची गाठ लहान निघाली. पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, पण त्यांच्याजवळ वेळ आहे. शरीराच्या कुठल्याही भागाची लाज बाळगू नका. रक्त दिसलं तर त्याच दिवशी घरात बोला आणि डॉक्टरांकडे जा. थोरलीचे वडील वर्षभर हे बोलले नाहीत, आणि ते वर्ष त्यांना कुणीच परत देऊ शकलं नाही.