नेहमीचा श्वास

मी चिमटा बोलतोय. कपड्यांचा नव्हे, बोटाचा. दुकानात माझं नाव ऑक्सिमीटर होतं, पण या घरात आल्या दिवसापासून मी चिमटाच. माझ्या तोंडात बोट घालायचं, मी आतून लाल उजेड टाकतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे त्याचा आकडा दाखवतो. मला तेवढंच येतं. सध्या मी शिवणयंत्राच्या खणात पडून असतो, बॉबिन आणि तुटक्या सुयांच्या सोबतीला.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या शेवटी एक बाई बसायची. तयार झालेल्या प्रत्येकाच्या तोंडात स्वतःचं बोट घालून तपासायचं, हे तिचं काम. दिवसभर तेच एक बोट. मी अठ्ठ्याण्णव दाखवलं. तिनं आकडा बघितला, बोट तिचंच, माणसाकडे बघण्याची गरज नव्हती, आणि मला खोक्यात टाकलं.

या घरातला माणूस छापखान्यात बाइंडर होता. पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चिकटवायचे, कडा कापायच्या. त्याची बायको घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. मला आणलं ते त्याच्या आईसाठी. म्हातारीची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आकडा नव्वदच्या खाली गेला की घेऊन या.

म्हातारीला डॉक्टरांची भीती वाटायची, म्हणून माझीही वाटायची. मी खणातून बाहेर आलो की तिचे ओठ आवळायचे. एकदा मी अठ्ठ्याऐंशी दाखवलं. सून घाबरली, पण सासूबाईंना तसं दिसू नये म्हणून हसत म्हणाली, "आई, एक मोठा श्वास घ्या बघू. अजून एक. अजून एक... हां, हे बघा, त्र्याण्णव!"

म्हातारीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून मी दिसलो की ती आधी पाच-सहा मोठे श्वास घ्यायची आणि मगच बोट पुढे करायची. संध्याकाळी बाइंडर कामावरून आला की चपला काढता काढता विचारायचा, "काय आई, आज पास का नापास?"

"पास!" म्हातारी ओरडायची, आणि खोकत बसायची.

तो सगळा हिवाळा म्हातारी पास होत राहिली. एका सकाळी चौऱ्याण्णव आले आणि दुपारी ती गेली. सून रडताना सारखं तेच म्हणत होती, "सकाळी तर चौऱ्याण्णव होते हो." तिच्या मनात फसवणूक नव्हती. आजारी माणसाला दोन घटका बरं वाटावं, इतकाच तिचा हेतू होता. पण त्या घराला एक सवय लागली होती. मला खूश करायची.

नंतर दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. माझ्या आतल्या बॅटऱ्या गळून हिरव्या पडल्या.

मग खिंडीचं निघालं. छापखान्यातले तिघे मित्र दर सुट्टीत डोंगर चढायचे: फोरमन, ज्याला सगळे कप्तान म्हणत, उंच मशीनमन, म्हणजे लंबू, आणि आमचा बाइंडर. सोळा हजार फुटांवरची एक खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. आदल्या वर्षी ते गेलेही होते, पण शेवटच्या मुक्कामाआधी लंबूचा पाय मुरगळला. तंबू एक, स्टोव्ह एक, वाटाड्या एक. एक परतला की सगळे परत. तिघे हात हलवत आले.

त्यानंतर वर्षभर लंबूला छापखान्यात "माघारे" म्हणत. "काय माघारे, आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचाल ना?" हे नाव ठेवलं होतं आमच्या बाइंडरनं. घरी येऊन बायकोला सांगताना तो पोट धरून हसला होता. ती म्हणाली होती, "बिचाऱ्याला किती छळता!" आणि तीही हसली होती.

यंदा कप्तानाची शेवटची खेप होती. त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. "पुढच्या वर्षी मी तुम्हाला खालून हात दाखवीन," असं तो म्हणायचा.

बायकोनं एकच अट घातली. "चिमटा न्यायचा. रोज मोजायचं. आणि रेंज असेल तिथून मला आकडा सांगायचा."

माझ्या बॅटऱ्या बदलल्या गेल्या. गंज कापसानं पुसला. तीन महिने मी तयारी पाहिली. कामावरून आला की बाइंडर पाठीवरच्या पिशवीत कागदाची रिमं भरायचा आणि चार मजले चढायचा-उतरायचा, दहा-दहा वेळा. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण दार उघडून म्हणायची, "भाऊजी, घर बदलताय का? इतके दिवस झाले, सामान संपेना तुमचं!" नवे बूट पायाला बसावेत म्हणून तो ते घालून छापखान्यात जायचा. बायकोनं त्याच्या हातमोज्यांना आतून लोकरीचं अस्तर लावलं. मला ठेवता यावं म्हणून जाकिटाला आत, छातीशी, एक खिसा शिवला. थंडीत बॅटरी मरते, असं कप्तानानं सांगितलं होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. छातीत थोडं घरघरत होतं. जिने चढून आल्यावर बायकोनं मला त्याच्या बोटाला लावलं. ब्याण्णव.

"थांब," तो म्हणाला. खांदे वर करून त्यानं आठ-दहा मोठे श्वास घेतले. सत्त्याण्णव. त्यानं डोळा मिचकावला. "पास!"

ती हसली. "अगदी आईंसारखे!" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

वाटेत पहिल्या मुक्कामी मी शहाऐंशी दाखवले, दुसऱ्या मुक्कामी ऐंशी. उंचीवर आकडा उतरतोच. वाटाड्यानं निघतानाच सांगितलं होतं, "पंच्याहत्तरच्या खाली गेला तर खाली उतरायचं. माझ्याशी हुज्जत नको." शेवटच्या मुक्कामी पोचेपर्यंत बाइंडरला खोकला लागला होता. मी छातीशीच होतो, मला आतून तो आवाज ऐकू येत होता. भिजलेला कागद चुरगळल्यासारखा.

ऊन कलताना कप्तान म्हणाला, "चला, बोटं काढा."

कप्तानाचे एक्क्याऐंशी आले. लंबूचे एकोणऐंशी.

"माझं बोट गारठलंय," बाइंडर म्हणाला. "चहा पिऊन मोजतो." तो मला आणि चहाचा मग घेऊन तंबूमागे गेला. बोट घातलं. एक्काहत्तर.

त्यानं मला तळहातानं झाकलं. मग चहाच्या गरम मगाभोवती दोन्ही हात धरले आणि श्वास घ्यायला लागला. खोल, मोठे, मोजून वीस. माझ्या तोंडातलं बोट कोमट झालं. पंच्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. तसाच धावत तंबूपुढे आला. "हे घ्या, बघा!"

"अरे वा," लंबू म्हणाला, "माझ्याहून जास्त? मग मघापासून खोकतंय कोण, मी?"

"तू गप रे, माघारे!" बाइंडर म्हणाला. सगळे हसले. वाटाड्या तेवढा हसला नाही, पण आकडा त्यानंही पाहिला होता.

अजून पाच मिनिटं मला बोटावर ठेवलं असतं, तर मी पुन्हा खाली आलो असतो. पण मला मिटून खिशात टाकलं गेलं. मी दाखवलेले ब्याऐंशी खरे होते. तेवढ्या घटकेपुरते.

उजाडता उजाडता ते निघाले. बाइंडर पुन्हा पुन्हा थांबत होता. "बुटाची नाडी बांधतो," म्हणायचा. चार वेळा त्यानं नाडी बांधली. चौथ्या वेळी तो उठला नाही. खिंड समोर दिसत होती, तासाभराची चढण उरली होती. त्याच्या छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. कप्तानानं खिशातून काढून मला त्याच्या बोटाला लावलं. मी अठ्ठेचाळीस दाखवले.

त्याला पाठीवर घेऊन ते उतरत राहिले. सगळ्यांत जास्त वेळ लंबूनं वाहिलं. तो चालता चालता बोलत होता, "अरे मला माघारे म्हण ना. म्हण ना एकदा." उताराच्या मध्यावर त्यांनी मला पुन्हा लावलं. मी दोन आडव्या रेघा दाखवल्या. दुसरं बोट धरलं, तिसरं धरलं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी कप्तान घरी आला. बाइंडरचं घड्याळ आणि मी, असे दोघे त्याच्या रुमालात होतो. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"वहिनी, आकडा चांगला होता हो. ब्याऐंशी. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. नाहीतर मी त्याला एक पाऊल पुढे टाकू दिलं नसतं."

तिनं मला हातात घेतलं. "भाऊजी, मोजायच्या आधी ते मोठे मोठे श्वास घेत होते का?"

कप्तान आठवत राहिला. "तंबूमागे होता... आला तेव्हा धापा टाकत होता खरा. का हो, वहिनी?"

तिनं खण उघडला, मला आत ठेवलं आणि बंद केला.

मला वाटलं, आता बॅटऱ्या पुन्हा गळणार. पण परवा दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण आली. नवऱ्याला चार दिवस ताप होता. "तुमचा तो चिमटा देता का? तेवढी खात्री होईल," एवढं बोलून ती ओशाळली. बाइंडरच्या बायकोनं मला दिलं नाही. ती स्वतः मला घेऊन जिना उतरली.

आजारी माणूस उशीला टेकून बसला होता. मला बघताच त्यानं खांदे वर केले, छाती फुगवली. सगळेच करतात तसं. माणसं मला घाबरतात, आणि घाबरली की मला नटून दाखवतात. मी कुणाला पास करायला आलेलो नाही हो. थकला असाल तर थकलेलंच बोट द्या मला.

हे मला बोलता येत नाही. ती बोलली.

"भाऊ, तसा श्वास नका घेऊ," ती म्हणाली. "नेहमी घेता ना, तसाच घ्या. मी थांबते."

ती खरंच थांबली. पलंगाच्या कडेला बसून, माझ्यावर नजर ठेवून, बराच वेळ. माणसाचे खांदे हळूहळू खाली आले.

मी शहाऐंशी दाखवले.

"कपडे बदला यांचे," ती शेजारणीला म्हणाली. "रिक्षा मी बघते."