पुलाखालचा नवा कॅमेरा

भिंगकाकांचं खरं नाव कामावर कुणालाच ठाऊक नव्हतं. सदानकदा शर्टाच्या टोकाने भिंग पुसत बसायचे, म्हणून हे नाव पडलं. बावीस वर्षं ते पुलांचे फोटो काढत होते, तेही वरून नाही, पोटाखालून. क्रेनच्या लोखंडी पाळण्यात उभं राहायचं, पाळणा कठड्यावरून पुलाखाली जायचा आणि काँक्रीटमधली भेगन्‌भेग टिपायची. जुना कॅमेरा त्यांना हातमोजे घालूनही डोळे मिटून चालवता यायचा.

तो यंदा कायमचा बंद पडला. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, असं सांगून दुकानदाराने नवा पुढे केला. फुल-फ्रेम, मिररलेस, म्हणजे आत आरसा नाही, सगळं पडद्यावर बघायचं. किंमत ऐकून काकांनी ती पुन्हा विचारली. त्या किमतीत भिंग नव्हतं. जुनी भिंगं बसवायचं कडं वेगळं, दुसरी बॅटरी वेगळी.

"आणि चार्जर?"

"तो हल्ली खोक्यात येत नाही, काका."

"घोड्याबरोबर नाल मिळत नाही हे ऐकलं होतं. आता पायही वेगळे घ्यायचे का?"

दुकानदार हसला, पण किंमत काही हलली नाही. गळक्या गच्चीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. काकू एवढंच म्हणाल्या, "फोटो तरी चांगले येऊ देत. बादली लावून बघत बसू."

तीन संध्याकाळी काका मेन्यूत चाचपडले. एका पानात दुसरं पान, त्यात तिसरं. चुकून एखादं बटण दाबलं गेलं की काय बदललं तेच कळायचं नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सवय होईल." काका म्हणाले, "सवय होईपर्यंत पूल थांबणार आहेत का?"

पहिलंच काम नदीवरच्या जुन्या पुलाचं निघालं. एक बाजू बंद करून तिथे क्रेन उभी केली होती. दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू होती. पाळण्यात काका आणि तपासणीच्या इंजिनीअरबाई. तिसऱ्या खांबाशी, तुळईच्या टोकाला एक भेग दिसली. गेल्या वर्षी तिच्या टोकाशी खडूने रेघ मारली होती. भेग त्या रेघेच्या वीतभर पुढे गेली होती.

काकांनी कॅमेरा उचलला आणि पडदा काळा झाला. मग लक्षात आलं, सुरक्षेचा पट्टा डोळा लावायच्या भोकासमोर आला होता; कॅमेऱ्याला वाटलं माणूसच तिथून बघतोय, म्हणून त्याने मागचा पडदा बंद केला. पट्टा सारून डोळा लावला, तर नाक स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याला लागून फोकस भलतीकडे. खाली पाणी, समोर भेग आणि हातात हे गच्चीच्या किमतीचं कोडं.

कशीबशी भेग मोठी करून पडद्यावर आणली. तेवढ्यात वरून ट्रक गेला.

भेग उघडली. आणि मिटली.

"बाई, ही हलतेय."

बाई डोळे बारीक करून वर बघत राहिल्या. "मला तर नाही दिसत. कॅमेऱ्याचं असेल काका. नवीन आहे ना, पाळणाही हलतोय."

असेलही. परवा घरातली खुर्चीसुद्धा या पडद्यावर पोहत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काकांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. उगीच बोंब मारली तर म्हातारा घाबरला म्हणून हसतील. गप्प बसावं, तर वरून गाड्या जातच होत्या. एक शाळेची बसही गेली.

काकांनी कॅमेरा गळ्यात सोडून दिला. पिशवीतून वॉरंटीचा कागद काढला, दुमडला, पाळण्याच्या कडेला रेलून त्याची कड भेगेत सरकवली. कागद घट्ट बसला.

"ट्रक येऊ दे," ते म्हणाले.

ट्रक आला. कागद सुटला आणि गिरक्या घेत खाली गेला.

बाईंनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "वाहतूक बंद करा. दोन्ही बाजू. आत्ता." मग दोघांच्या एकदमच ध्यानात आलं, की ज्या क्रेनला ते लटकत होते, तीही याच पुलावर उभी होती.

"हळू घ्या," बाई क्रेनवाल्याला म्हणाल्या. "धक्का नको."

पाळणा इंचाइंचाने सरकला. काकांनी पाळण्याचा कठडा इतका आवळला, की हातमोज्यातून नखं तळव्याला टोचली. कुठेतरी काँक्रीटची कपची सुटली. पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा आला. बाई पुटपुटत आकडे मोजत होत्या. काकांना नुसत्या काकू दिसत होत्या, बादली सरकवताना.

पाळणा वर आला आणि क्रेन पुलावरून खाली उतरली. काका रस्त्यावरच बसले. बंद केलेल्या गाड्या लांबवर हॉर्न वाजवत होत्या. एक माणूस उतरून ओरडला, "किती वेळ लागणार अजून?"

पूल तीन महिने बंद राहिला. त्या दिवशीच्या एकशेचाळीस फोटोंतले दोनच कामाचे निघाले. बाईंनी कसलीही कुरबूर न करता तेच अहवालात लावले.

पुढच्या पुलावर काका पाळण्यापाशी आले आणि पाऊल उचलेना. लपवलं नाही त्यांनी. म्हणाले, "बाई, भीती वाटतेय."

"मलाही," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं बसू. तोवर तो मेन्यू दाखवा मला. पडदा काळा होणं कुठून बंद करायचं?"

दोघं कठड्याशी बसून शोधू लागले. सापडायला वीस मिनिटं लागली. मग काका उठले, पट्टा बांधला आणि बाईंच्या आधी पाळण्यात चढले.