एकटी वेलांटी

दर गुरुवारी दुपारी साजगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये चारशे-पाचशे माणसं मांडी घालून बसायची आणि एका काळ्या स्क्रीनकडे बघत राहायची. स्क्रीन चौरंगावर ठेवलेला, त्याला झेंडूची माळ. कीबोर्ड नाही, माऊस नाही. शेजारी सखा महाराज डोळे मिटून बसलेले. त्यांनी हात वर केला की काचेवर हिरवी अक्षरं आपोआप उमटू लागत. भक्ताचं नाव, गाव, घरातली अडचण आणि शेवटी उपाय.

"माणसाचा हात दिसतोय का कुठे?" महाराज विचारायचे. "ब्रह्मांडात तरंग भरून राहिलाय. तो देहात उतरला तर माणूस घुमतो, काचेत उतरला तर काच लिहिते."

याचा अर्थ काय, असं कोणी विचारत नसे. दारातला सेवेकरी वहीत प्रत्येकाचं नाव, गाव आणि अडचण लिहून घेई. मग काचेला हे ठाऊक असण्यात नवल ते काय, हेही कोणाच्या मनात येत नसे.

या गर्दीत शेलूच्या गौराबाई असायच्या. साठी उलटलेली, नवरा गेलेला. एकुलता मुलगा हर्षद चार वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडला, तो परतलाच नव्हता.

गौराबाईंच्या घरामागे, जिथे पूर्वी भाताची खाचरं होती तिथे नव्या इमारती उठल्या होत्या. त्यातल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर समीक्षा राहायची. वय एकतीस, मूळची महाडची. आपल्या जागेवरून दूरच्या संगणकावर टंकता येतं, तिथलं सगळं आपल्या स्क्रीनवर दिसतं, अशा एका प्रोग्रामची डागडुजी हे तिचं काम. लोकांनी कळवलेल्या चुका शोधायच्या, दुरुस्त करायच्या, एखादी सोय आणखी नीट करायची. सहकारी सगळे परदेशात, आणि त्यांच्याशी बोलणंही लिहूनच. दिवसभरात तिच्या तोंडून आवाज निघायचा तो सकाळ-संध्याकाळ, गौराबाई इन्शुलिन घ्यायला यायच्या तेव्हा. त्यांचा फ्रीज बिघडला होता, म्हणून औषध समीक्षाकडे असायचं. सुई टोचून झाली की त्या पाच मिनिटं टेकायच्या, जेवलीस का विचारायच्या आणि जायच्या. समीक्षा ती पाच मिनिटं दिवसभर पुरवायची.

ऑगस्टमध्ये गौराबाई यायच्या थांबल्या. समीक्षाने दोन दिवस वाट पाहिली. आपण कोण विचारणारे, असं तिला वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ती खाली गेली, तेव्हा गौराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे पडले होते आणि शेजारचा तांब्या रिकामा होता.

"साजगावच्या काचेवर लेकाचा निरोप आला गं," त्या म्हणाल्या. "आये, मी येतो म्हनतो. पन सुई सोड म्हनतो. अंगात लोखंड शिरलं की तरंग शिरत नाय."

समीक्षाने समजावून पाहिलं. आधी दवाखान्यात चला, असं विनवलं. गौराबाईंनी तोंड फिरवलं.

"तुला नाय कळायचं. तू कोनाची वाट बघतेस?"

समीक्षाने रिकामा तांब्या भरून आणला. आज साजगावला मीही येते, परतताना दवाखान्यात जाऊ, एवढं मात्र तिने कबूल करून घेतलं. कर्जतला गाडी बदलून दोघी खोपोलीला उतरल्या आणि तिथून शकूरभाई नावाच्या रिक्षावाल्याबरोबर शेडवर पोचल्या; रिक्षा लावून तेही आत येऊन मागे उभे राहिले.

प्रोग्राम तपासताना समीक्षा मुद्दाम खोटी माहिती भरून बघायची. दारातल्या वहीतही तिने तेच केलं. नाव ऋतिका, गाव मोहोपाडा, अडचण म्हणजे भाऊ साईनाथ बेपत्ता.

पहिली पाळी गौराबाईंची आली. काचेवर अक्षरं उमटली: आई, मी लवकर येतो. 'लवकर'च्या आधी काहीतरी चुकलं, दोन अक्षरं उमटून पुसली गेली आणि त्या जागी एक वेलांटी तशीच राहिली, ठिपक्यांच्या गोलावर एकटी बसलेली.

ती वेलांटी समीक्षाच्या ओळखीची होती. तिच्याच प्रोग्रामची चूक होती ती, दोन महिन्यांपूर्वी तिनेच शोधलेली. त्यात मराठी शब्द टंकून पुसला की अक्षर जायचं आणि वेलांटी मागे राहायची. दुरुस्ती तयार होती, पण वरिष्ठांनी ती पुढे ढकलली होती. यात मराठी लिहिणारं आहे कोण, असं त्यांचं म्हणणं. आज तिच्यासमोर कोणीतरी लिहीत होतं, चुकत होतं आणि घाईघाईने चूक पुसत होतं. मग तिची पाळी आली.

मोहोपाड्याच्या ऋतिका, तुझा भाऊ साईनाथ सुखरूप आहे. तुझ्या आठवणीने रडतो.

समीक्षा उभी राहिली. "मला भाऊ नाही," ती म्हणाली. बोलायची सवय मोडलेला तो आवाज पुढच्या दोन रांगांपलीकडे पोचला नाही.

"मागच्या जन्मीचा असेल," महाराज डोळे न उघडता म्हणाले, आणि रांगाच्या रांगा माना डोलवू लागल्या.

तेव्हा ती नमस्काराला म्हणून चौरंगापाशी गेली. स्क्रीनच्या मागे संगणकाचा एक लहानसा डबा चिकटवलेला होता, त्यात इंटरनेटचं डोंगल. वाकता वाकता तिने ते उपसून घेतलं. काचेवर पुढच्या भक्तासाठी उमटत असलेलं वाक्य अर्ध्या शब्दात थांबलं. थोड्या वेळाने खाली इंग्रजीत एक ओळ आली. समीक्षाने ती मराठीत मोठ्याने वाचली.

"जोडणी तुटली आहे. पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करू." या वेळी तिचा आवाज शेडभर गेला. "हे वाक्य मी लिहिलंय. गेल्या वर्षी, शेलूला, माझ्या घरात बसून."

शेडमध्ये शांतता पसरली. त्या शांततेत मागच्या दारातून चाळिशीचा, चष्मेवाला एक माणूस लॅपटॉप छातीशी धरून आत आला आणि त्याने सेवेकऱ्याला हळूच विचारलं, "नेट गेलं काय रं?"

ते सगळ्यांना ऐकू आलं. बाहेरच्या टेंपोत बसून तो वहीचे फोटो मोबाइलवर वाचायचा आणि टंकायचा. शकूरभाईंनी त्याच्या हातून लॅपटॉप काढून घेतला, समीक्षाने डोंगल परत बसवलं आणि शकूरभाईंनी एका अक्षरावर बोट दाबून धरलं. देवाच्या काचेवर कककककक उमटत गेलं. कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. त्यातल्या बऱ्याचशा समीक्षाला होत्या. तरंग रुसला, असं पुटपुटत सखा महाराज मागच्या दाराने निघून गेले.

परतताना रिक्षात गौराबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"लेकाची दोनच अक्षरं होती गं माज्यापाशी," त्या म्हणाल्या. "तीबी पुसलीस."

"ती त्याची नव्हती, मावशी."

दवाखान्यात साखर भयंकर वाढलेली निघाली. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. सलाइन चालू असताना समीक्षाने विचारलं, हर्षद हरवल्याची पोलिसांत तक्रार दिली होती का? नसेल तर आपण ठाण्यावर जाऊ. दिली नव्हती. येईल आपणहून, असं भावकी म्हणाली, आणि पुढची वर्षं मठ, दर्गे आणि भगत करण्यात गेली.

बऱ्या झाल्यावर गौराबाई समीक्षाकडे आल्या नाहीत. त्यांनी औषध दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवलं. साजगावात त्या चुकीचा काय उपयोग झाला, हे समीक्षाने वरिष्ठांना लिहून कळवलं, तेव्हा दुरुस्ती लागू झाली. परदेशातून अंगठ्याचं एक चित्र आलं. तिने ते बघितलं आणि पुढची चूक उघडली. त्या आठवड्यात ती कोणाशीच बोलली नाही.

पंधरा दिवसांनी दार वाजलं. बाहेर गौराबाई उभ्या होत्या, हातात हर्षदचा फोटो.

"तू म्हनली व्हतीस तितं चल," त्या म्हणाल्या.

पोलीस ठाण्यात हवालदाराने कागद पुढे ओढला. उंची किती, अंगावर खूण कुठे, जाताना काय घातलं होतं, मित्र कोण, फोन शेवटचा कधी लागला? गौराबाई आठवून आठवून सांगत होत्या. चमत्काराच्या काचेने इतक्या गुरुवारांत हर्षदबद्दल यातलं एकही विचारलं नव्हतं.

ज्याला खरंच शोधायचं असतं तो आधी प्रश्न विचारतो. जो न विचारता उत्तर देतो, त्याला आपण विचारावं, तुला हे कळलं कुठून? हे विचारल्याने कोणताही देव कोपत नाही. मुलगा सापडेलच, असं हवालदार म्हणाला नाही. त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आव त्याने आणला नाही.

"भांडण कशावरून झालं होतं, आजी?" त्याने विचारलं.

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. गौराबाईंनी समीक्षाचा हात घट्ट धरला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.