गेरूच्या पट्ट्याखाली

आमच्या सोसायटीतल्या आंब्याला यंदा इतक्या कैऱ्या लागल्या की शांती नगरच्या दुसऱ्या सेक्टरमधली माणसंसुद्धा फाटकाशी थांबून वर बघायची. सगळे खूश होते. मला मात्र मोहोर आला तेव्हापासून चैन नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, गेटवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या आड येते म्हणून त्या झाडाची एक जाड फांदी करवतीने कापली होती. काप तसाच उघडा राहिला. पावसाळ्यानंतर कापाखालची साल काळपट होत होत खाली उतरू लागली. गेल्या दिवाळीत बुंध्याशी सालीला चीर गेली, तिच्यातून काळा डिंक गळू लागला, शेंड्याच्या काड्या वाळल्या. मी निवृत्त ग्रंथपाल. झाडांतलं मला कळत नाही. जे कळतं ते वाचून. फळझाडांच्या रोगांवरच्या एका जुन्या पुस्तकात सापडलं, की बुरशी अशा उघड्या जखमेतून खोडात शिरते आणि आतल्या आत लाकूड कुजवत खाली सरकते. द्राक्षाच्या वेलींचंही असंच होतं म्हणे. बाहेरून पानं हिरवी दिसतात. आणि असं झाड कधीकधी मरण्याआधी भरभरून फळतं. या शेवटच्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि मग ती खोडून टाकली. पुस्तक खरं असेल, पण आमचं झाड तसंच कशावरून?

प्रजासत्ताक दिनाच्या आधी नेहमीप्रमाणे सगळ्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले गेले. चीर, डिंक, सगळं त्याखाली गेलं. आता कुणाला दाखवावं असं माझ्याकडे काही उरलं नाही.

चैत्रातलं हळदीकुंकू दरवर्षी त्याच झाडाखाली होतं. ज्या बाजूला चीर होती, त्याच बाजूची मोठी फांदी खुर्च्यांवर येते, आणि यंदा तर ती कैऱ्यांच्या घोसांनी वाकली होती. मी सेक्रेटरी कौस्तुभला जिन्यात गाठलं.

"कौस्तुभ, या वेळी खुर्च्या जरा गेटकडे मांडल्या तर?"

"का हो काका?"

"झाड आतून... म्हणजे मला नक्की माहीत नाही. पण कुजलं असावं."

तो हसला. "काका, कैऱ्या बघा ना! आजारी माणसाला एवढी पोरं होतात का? आणि फांदीला हात लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते. टेन्शन नका घेऊ."

त्यावरची तीन उत्तरं मला घरी आल्यावर सुचली.

"परत ते झाड?" उर्मिला कैरी किसत होती, त्याच झाडाची. "अहो, बोलायचं तर नीट ठासून बोला. नाहीतर सोडून द्या. मधल्या मधे घरात येरझाऱ्या घालू नका, मला गरगरतं."

ठासून बोलायला खात्री लागते. ती माझ्याकडे कधीच नसते.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मी तासभर आधी खाली उतरलो. हातात छत्री, काखेत पुस्तक. काठी घेतली की म्हातारा दिसतो, म्हणून मी बाराही महिने लांब दांड्याची छत्री वापरतो. फांदीच्या बरोबर खाली मांडलेली एक खुर्ची बघितली आणि तिच्यात जाऊन बसलो. माझा हिशेब साधा होता. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष बसलेला असला की त्याच्या आजूबाजूला कोणी बसत नाही. पडलीच फांदी, तर एका माणसावर पडेल.

तसंच झालं. बायका येत गेल्या, नमस्कार करून लांब बसत गेल्या. माझ्या चहूबाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. पहिल्या मजल्यावरच्या मिनलबेन मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत.

"काय काका, तुम्ही पण आले? कुंकू लावू काय? की डायरेक्ट ओटीच भरू?"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले. मी पुस्तक उघडलं, पण डोळे वर होते. खाडीकडून वारा सुटला होता. घोस हलत होते. मध्येच काहीतरी करकरलं. फांदी असेल, नाहीतर माझी खुर्ची.

उर्मिला पन्ह्याचा ग्लास घेऊन आली. "अहो, हे काय चाललंय? हसताहेत सगळ्या."

"हसू देत. तू तिकडे जाऊन बस."

"नवऱ्याला हसताहेत आणि मी तिकडे बसू?" असं म्हणून तिने शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. उर्मिला सोसायटीत सगळ्यांत वडील. ती जिथे बसते तिथे बाकीच्या बसतात. "चला, काकूंकडे," म्हणत मिनलबेननी खुर्ची उचलली. त्यांच्यामागे आणखी चौघी. बघता बघता फांदीखाली जागा उरली नाही.

"उठा!"

आवाज माझाच होता. मी उभा राहिलो होतो. "उठा सगळ्या! इथून बाजूला व्हा!"

कौस्तुभ धावत आला. "काका, काय झालं? बरं वाटत नाही का?"

मी झाडाशी गेलो. चीर कुठे होती ते आठवून गेरूच्या पट्ट्यावर छत्रीचं टोक टेकवलं. खोड टणक निघालं असतं तर उद्यापासून मी जिना उतरलो नसतो. डोळे मिटून मी जोर केला.

आवाजही झाला नाही. चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये बोट जावं तशी छत्री आत गेली, वीतभर. कडेने काळपट भुसा गेरूवर सांडला.

"अगं बाई," उर्मिला म्हणाली आणि आधी तीच उठली.

खुर्च्या बायकांनी स्वतःच उचलल्या. मिनलबेननी माझीही उचलली. कौस्तुभ वर बघत राहिला, मग दोरी आणायला गेला. हळदीकुंकू गेटपाशी झालं, येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरींच्या मधे.

"हे आधी का नाही केलंत?" उर्मिलेने आंबेडाळीची वाटी देत विचारलं.

"टणक निघालं असतं तर?"

तिने वाटीत आणखी एक चमचा डाळ घातली. हसली नाही.

आता झाडाभोवती दोरी आहे. परवानगीचा अर्ज गेलाय, महापालिकेचा माणूस अजून आलेला नाही. छत्री तशीच खोडात आहे. काढायला कोणी धजत नाही, मीही नाही. मी ती नको तितक्या जोरात खुपसली का, बरी असलेली बाजूही दुखावली का, हे मनातून जात नाही. कैऱ्या अजून वाढताहेत.

"अहो, आता तरी बसा," उर्मिला म्हणते.

मी बसतो. वारा सुटला की पुन्हा उठतो.